दिनविशेष साजरा करताना चित्रपुस्तक कसे निवडावे?



जून महिन्यात शाळा सुरू झाली की वार्षिक नियोजनाच्या वहीत आपण सर्वात आधी काय लिहितो? जयंत्या, पुण्यतिथ्या, सण आणि वेगवेगळे 'दिन'. वर्षभरात असे पन्नासेक दिवस सहज निघतात. त्या दिवशी परिपाठ लांबतो, प्रतिमापूजन होते, चार-पाच मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात, फोटो काढून गटावर टाकले जातात आणि दुसऱ्या तासाला वर्ग पुन्हा आपल्या पाठावर येतो. भाषण करणाऱ्या मुलाला विचारा, "तू काय बोललास ते सांग बरं तुझ्या शब्दांत." बहुतेक वेळा तो पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो.

यावर सोपा उपाय म्हणून आता बऱ्याच शाळांत त्या दिवशी एखादे चित्रपुस्तक वाचून दाखवले जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुस्तक निवडायचे कसे, याचा विचार फारसा होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी कपाट उघडायचे आणि ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्या थोर व्यक्तीचा फोटो असेल ते काढायचे, अशी पद्धत पडली आहे. माझ्या मते इथेच गाडी अडते. कारण पुष्कळदा ते पुस्तक म्हणजे तेच भाषण असते, फक्त मध्ये मध्ये चित्रे घातलेली. जन्म कधी झाला, आईवडिलांचे नाव काय, शिक्षण कुठे झाले, कार्य काय केले, निधन कधी झाले. मुलांना यात शिरायला दारच नसते.

मी निवडताना दिवसाचे नाव बाजूला ठेवते आणि एकच गोष्ट बघते. या पुस्तकात एखादे मूल आहे का, आणि ते मूल काहीतरी करतंय, विचारतंय, अडचणीत सापडलंय असं आहे का? असेल तर वर्गातली मुले त्याच्या मागे मागे जातात. दिवसाचे महत्त्व मग सांगावे लागत नाही, ती स्वतःच विचारतात.

दुसरी एक छोटी परीक्षा आहे. मजकुरावर हात ठेवायचा आणि फक्त चित्रे बघत पाने उलटायची. शब्दांत नसलेले काही चित्रात दिसते का? कोपऱ्यात मांजर, कोणाच्या चेहऱ्यावर राग, दारामागे उभी असलेली मुलगी? दिसत असेल तर ते खरे चित्रपुस्तक. चित्र केवळ सजावटीला असेल तर पहिली-दुसरीची मुले तिसऱ्या पानावर चुळबुळ करू लागतात.

(खाली काही पुस्तकांची मूळ इंग्रजी नावे मुद्दाम तशीच दिली आहेत. दुकानात किंवा मोबाईलवर शोधताना मूळ नाव व लेखकाचे नाव सांगितले की पुस्तक लवकर सापडते. मराठी आवृत्ती हाती लागली नाही तर चित्रे दाखवत गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. मी बऱ्याचदा तसेच करते, मुलांना काही फरक पडत नाही.)

१४ एप्रिल : पाण्याचे पान वगळू नका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीला सुट्टी असते, सकाळी कार्यक्रम होऊन मुले घरी जातात. त्यामुळे पुस्तकवाचन मी त्या आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी घेते. या दिवसासाठी मला दोन पुस्तके फार उपयोगी वाटतात.

लहान मुलांसाठी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे 'भीमराव आंबेडकर : द बॉय हू आस्क्ड व्हाय'. लेखिका सौम्या राजेंद्रन, चित्रे सात्विक गडे यांची. नावातच सगळे आहे. इथले बाबासाहेब निळ्या कोटातले, हातात संविधान घेतलेले नाहीत. शाळेत जाणारा भीम आहे आणि त्याला प्रश्न पडतात. माझ्यासाठीच हे असं का? दुसरीतल्या मुलाला 'अस्पृश्यता' हा शब्द समजावून सांगायला अर्धा तास गेला तरी समजत नाही. पण एक मुलगा वर्गात वेगळा बसवला जातो हे त्याला लगेच कळते, कारण वर्गात वेगळे बसवले जाणे म्हणजे काय हे त्याला चांगलेच ठाऊक असते.

सहावी ते आठवीसाठी 'भीमायन'. हे २०११ साली नवयान प्रकाशनाने काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकार दांपत्याची आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहिला आहे. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला, आणि भीम भावंडांसोबत साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनपर्यंत आलेला. चांगले कपडे घातलेली ही मुले कोण, म्हणून स्टेशनमास्तर चौकशी करतो. जात कळल्यावर त्याचा सूर बदलतो. बैलगाडीवाले गाडीत घ्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरते. वाटेत पाणी मिळत नाही. सोबत जेवण आहे, पण पाण्यावाचून ते खाता येत नाही. हा प्रसंग 'भीमायन'मध्ये चित्रांत आला आहे.

या पुस्तकातली एक गंमत मुलांना शोधायला लावा. पात्रांचे बोलणे ज्या फुग्यांत लिहिलेले असते, ते फुगे सगळे सारखे नाहीत. साधे, प्रेमाचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहे. जे बोलणे डंख मारते त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. एवढे सांगितले की मुले प्रत्येक पान नांगी शोधत वाचतात. मग मी फळ्यावर दोन रकाने करते, पक्षी आणि विंचू. आपल्या वर्गात, गल्लीत, घरात कोणकोणती वाक्ये विंचवाच्या फुग्यात जातील? मुले आधी हसत हसत टोपणनावे सांगतात. थोड्या वेळाने हसू कमी होते. एकदा एका मुलीने नुसतेच सांगितले, "बाई, 'तुम्ही लांबून पाणी घ्या' हे वाक्य." मी ते लिहिले आणि पुढे गेले. तिला कोणी कधी म्हटले, हे मी सगळ्यांसमोर विचारले नाही. तिने सांगितले तेवढे पुरेसे होते.

काही शिक्षक मला म्हणतात, लहान मुलांसमोर जातीचा विषय कशाला, वातावरण बिघडेल. त्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य. पण पाण्याचे पान वगळले तर बाबासाहेबांच्या गोष्टीत उरते काय? खूप अभ्यास केला आणि मोठे झाले, एवढेच. ते तर कोणाबद्दलही सांगता येईल. आणि वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी ही गोष्ट आजी-आजोबांपासून चालत आली आहे, त्यांना कळते की बाईंनी पान उलटले. वगळणार असाल तर दुसरे पुस्तक घ्या, पण हे घेतले तर पूर्ण वाचा.

३ जानेवारी आणि शेळ्या राखणारी मुलगी

सावित्रीबाई फुले जयंतीला आपल्याकडे प्रत्येक वर्गात दोन-तीन सावित्री असतात. नऊवारी, मोठे कुंकू, हातात पुस्तक. छानच दिसतात. या दिवशी मात्र मी सावित्रीबाईंचे चरित्र न वाचता महाश्वेता देवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' वाचते. हेही तूलिकाचे, चित्रे कन्यिका किणी यांची.

मोयना ही शबर आदिवासी मुलगी. ती लोकांच्या शेळ्या राखते आणि दिवसभर 'का?' विचारत राहते. नदीवरून पाणी मीच का आणायचे? आम्ही झोपडीत का राहतो? शेवटी ती शाळेच्या बाईंनाही विचारते की शाळेची वेळ का बदलत नाही? सकाळी शेळ्या चरायला न्यायच्या असतात, मी अकरानंतरच येऊ शकते. मोठी झाल्यावर हीच मोयना शिकवायला लागते.

हे वाचून झाल्यावर सावित्रीबाई-जोतीराव यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, एवढेच मी सांगते. मुले दोन्ही गोष्टी स्वतः जोडतात. शाळेने वेळ बदलली! मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "मग ज्यांना लहान भावाला सांभाळायला घरी राहावं लागतं त्यांची शाळा कधी भरणार?" त्याच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामीच होती. भाषणांच्या कार्यक्रमात हा प्रश्न कुठून येणार होता?

सणांची पुस्तके

सणाचे पुस्तक म्हणजे तो सण कसा साजरा करतात याची माहिती, असे समजू नका. मुलांना पुरणपोळी कशी करतात हे पुस्तकातून कळायची गरज नाही. ज्यांच्या घरी तो सण नसतो त्यांनाही माहितीचे पान वाचून काही होत नाही.

नागपंचमीला मी 'काली अँड द रॅट स्नेक' वाचते. लेखिका झाई व्हिटेकर, चित्रे श्रीविद्या नटराजन यांची. काली हा तमिळनाडूतल्या इरुला जमातीचा मुलगा, वडील साप पकडतात. डब्यात भाजलेल्या वाळव्या आणतो म्हणून वर्गात त्याला कोणी जवळ करत नाही. एके दिवशी वर्गात धामण शिरते, सगळे बाकांवर चढतात, आणि काली ती शांतपणे पकडतो. पुढे काय होते ते सांगत नाही, वाचाच. या जमातीचे ज्ञान किती मोलाचे आहे हेही मुलांना सांगता येते. १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुला सापपकड्यांची सहकारी संस्था सुरू झाली, तिथे सापांचे विष काढले जाते आणि त्यापासून सर्पदंशावरचे औषध बनते. धामण बिनविषारी असते, शेतातले उंदीर खाते, हेही त्याच ओघात येते. साप दूध पीत नाही हे वेगळे सांगायला लागत नाही, कोणीतरी विचारतेच. आणि डब्याचा विषय निघाला की बघा. खेकडे, आळंबी, कोणी काय काय खातात ते बाहेर येते. आधी 'ई' करणारी मुले मग चव विचारू लागतात.

पोळ्याला 'फर्डिनंड'. १९३६ चे मनरो लीफ यांचे पुस्तक, चित्रे रॉबर्ट लॉसन यांची, काळ्यापांढऱ्या रेषांची. स्पेनमधला हा बैल कोणाशी झुंजत नाही, झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. मधमाशी चावल्यावर उधळतो, तेवढ्यावरून माणसे त्याला भयंकर समजून झुंजीच्या मैदानात नेतात. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात पोळा, पश्चिम महाराष्ट्रात बेंदूर. दोन्हीकडच्या मुलांना बैलाचा स्वभाव असतो हे पक्के माहीत असते. कोणाचा बैल मारका, कोणाचा लाडका, कोणाचा फक्त आजोबांचेच ऐकणारा. गावात बैल राहिले असतील तर तास कमी पडतो. आता ट्रॅक्टर झाले, बऱ्याच मुलांच्या घरी मातीचाच बैल असतो. तेही बोलू द्यावे.

ईदला प्रेमचंदांची 'ईदगाह', चित्रांसह मिळते. हमीदने जत्रेत तीन पैशांत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेतला, का, ते सर्वांना माहीत आहे. आपण मात्र तिथे लगेच 'त्याग' वगैरे शब्द काढतो. मुलांना हमीदचा चिमटा मित्रांच्या खेळण्यांवर भारी पडतो ती वादावादी जास्त आवडते, आणि ती खरंच गमतीदार आहे. तिथे थांबा. वर्गात दोनच मुले मुस्लिम असतील तर त्यांना 'आता तुम्ही सांगा ईद कशी असते' म्हणून उभे करू नका. सांगावेसे वाटले तर ती सांगतील.

आई नसलेल्या वर्गात मातृदिन

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या निघतात. मुले मागे राहतात, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. मार्चमध्ये महिला दिनाला 'माझी आई' विषयावर निबंध, चित्र, भेटकार्ड असे काही ठेवले की वर्गातल्या काही मुलांची मान खाली जाते. काहींची आई कारखान्यावर, काहींची सोडून गेलेली, एखाद्याची वारलेली. अशा वर्गात 'आई किती प्रेमळ' सांगणारे पुस्तक कसे वाचायचे?

मला यावर उपयोगी पडलेले पुस्तक म्हणजे संध्या राव यांचे 'माय मदर्स सारी', चित्रे नीना सबनानी यांची. इथे आईबद्दल गुणगान नाही. आईची साडी आहे, आणि मूल तिच्याशी काय काय खेळते ते आहे. गाडी करायची, लपायचे, गुंडाळून घ्यायचे, नाक पुसायचे. आई फारशी दिसतच नाही. पुस्तक संपल्यावर मी "तुमच्या आईची साडी" असे न म्हणता "घरातलं एक कापड" असे म्हणते. एका मुलाने आजीच्या लुगड्याची गोधडी सांगितली, एकाने बापाचा टॉवेल. वसतिगृहातल्या एका मुलीने सांगितले की आई जाताना तिच्या पेटीत स्वतःचा जुना परकर ठेवून गेली आहे, ती तो उशीखाली घेते. कोणी हसले नाही. सगळ्यांच्याच घरात असे एखादे कापड असते.

म्हणून नात्यांशी जोडलेल्या दिवसाला पुस्तक निवडताना हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. हे पुस्तक ऐकताना कोणाला बाहेर राहावे लागेल? एक जरी नाव आले तरी दुसरे पुस्तक शोधा. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली 'राधाचं घर' मालिका घरातल्या माणसांवर आहे, सुरेखच आहे. पण तिचा उपयोग मी एरवी, सवडीने करते. 'दिना'च्या दिवशी नाही.

३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनालाही हेच तत्त्व. 'बिचारा' शिकवणारी पुस्तके नकोत. सुजाता पद्मनाभन यांचे 'चुस्कित गोज टू स्कूल' बघा. लडाखमधल्या चुस्कितला चालता येत नाही, चाकाची खुर्ची आहे, पण शाळेची वाट दगडधोंड्यांची आणि मध्ये ओढा. शाळेतली मुले मिळून ती वाट नीट करतात. इथे मुलीत काही बदल करायचा नाही, वाटेत करायचा आहे. वाचून झाल्यावर मुलांना टेप देऊन शाळेचा उतार, स्वच्छतागृहाचे दार आणि पाण्याच्या नळाची उंची मोजायला पाठवा. आमच्याकडे उतार होता पण त्याच्या तोंडाशीच फुलझाडांच्या कुंड्या ठेवलेल्या होत्या. मुलांनीच हलवल्या.

काही दिवस थोडक्यात

५ जून, पर्यावरण दिन. शाळा तेव्हा बंद असते, म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात घ्या. 'द गिव्हिंग ट्री' हे जगप्रसिद्ध पुस्तक या दिवसाला बरेचजण वाचतात. मला ते या दिवसासाठी पटत नाही. मुलगा झाडाकडून फळे, फांद्या, बुंधा सगळे घेतो, खोड उरते, आणि झाड तरी आनंदी! लहान मुले यातून झाडाचे काम देत राहणे एवढेच घेतात. त्यापेक्षा विनायक वर्मा यांचे 'जादव अँड द ट्री-प्लेस' वाचा. आसामात ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटावर जादव पायेंग यांनी झाडे लावत लावत जंगल उभे केले, त्यांची खरी गोष्ट. पायेंग यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ते मोफत वाचता येते. हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, मराठी पुस्तकेही भरपूर आहेत, शाळेच्या टीव्हीवर लावता येतात.

१५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. वाचनाचे फायदे सांगणारे पुस्तक कृपया नको. त्या दिवशी कपाटातले सर्वात धमाल पुस्तक काढा. मिकी पटेल यांचे 'रूपा हत्ती' (नॅशनल बुक ट्रस्ट) आमच्याकडे दरवर्षी मागितले जाते. आपल्या करड्या रंगाला कंटाळलेल्या हत्तिणीला इतर प्राणी आपापले पट्टे-ठिपके देऊ करतात. किंमतही खिशाला परवडणारी.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. शब्द नसलेले चित्र घ्या. माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' यासाठी उत्तम. एकच चित्र, आणि प्रत्येकाने ते घरच्या बोलीत सांगायचे. चित्रातला मुलगा कोणाचा पोट्टा होतो, कोणाचा आंडोर, कोणाचा झील. जी मुले एरवी 'शुद्ध बोल' म्हणून गप्प बसतात ती त्या दिवशी सर्वात जास्त बोलतात.

वाढदिवस. चॉकलेटऐवजी शाळेला एक पुस्तक, हा उपक्रम आता बऱ्याच शाळांत आहे. एक सूचना करते. ज्याला पुस्तक देणे परवडत नाही त्याने शाळेच्या कपाटातले आवडते पुस्तक निवडायचे आणि ते त्या दिवशी त्याच्या नावाने वाचले जायचे. दोघांचा मान सारखा.

आजी-आजोबा दिवस : आजीचं वय किती?

सप्टेंबरमध्ये हा दिवस शाळांत साजरा होतो. आजी-आजोबांना बोलावून संगीत खुर्ची, चहा, सत्कार असे होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी रूपा पै यांचे 'हाऊ ओल्ड इज मुत्तज्जी?' घेते. प्रथम बुक्सचेच आहे, चित्रे कावेरी गोपालकृष्णन यांची. कन्नडमध्ये मुत्तज्जी म्हणजे पणजी. तिचे वय कोणालाच माहीत नाही. पुट्टा आणि पुट्टी ही जुळी भावंडे तिच्या आठवणींतल्या मोठमोठ्या घटना पकडून, त्यांची साले शोधून तिचे वय काढतात. गोष्ट म्हणावी, इतिहास म्हणावा की गणित, सगळेच आहे.

आपल्याकडे तर याची फार गरज आहे. गावातल्या निम्म्या आजी-आजोबांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख आधार कार्डापर्यंत आली आहे. ज्या आज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांचे सालही अंदाजाचे.

पुस्तक वाचून झाल्यावर मी फळ्यावर काही साले लिहून देते. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी, १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. मुलांनी घरी जाऊन विचारायचे. दुष्काळात तू केवढी होतीस? खडी फोडायला जात होतीस की कडेवर होतीस? लग्न त्याच्या आधी झाले की नंतर? भूकंप झाला तेव्हा बाबा केवढे होते?

दुसऱ्या दिवशी वहीची पाने भरून येतात. एका आजीला सुकडी वाटली जायची ते आठवते, म्हणजे ती तेव्हा शाळेच्या वयाची असणार. एकीने लाल मिलोच्या भाकरी स्वतः थापल्या आहेत, म्हणजे ती मोठी. चौथीतल्या एका मुलीने बेरीज-वजाबाकी करून आजीचे वय काढले ते आधार कार्डापेक्षा सहा वर्षांनी जास्त आले. तिने तीनदा तपासले. मग तिची आजी कार्यक्रमाला आली तेव्हा मी विचारले, तर म्हणाली, "बाई, पोरीचंच बरोबर हाय. दुस्काळात माझ्या थोरल्याला पाळण्यात घालून मी कामावर जायची." पेन्शनच्या कागदावर मात्र वय तेच जुने. तो कागद कसा बदलायचा, त्याला काय काय लागते, हे विचारायला ती मुलगी आता ग्रामपंचायतीत जाणार आहे म्हणते. तिच्यासोबत कोण जाणार यावर वर्गात सध्या चर्चा चालू आहे.